शिट्टीच्या डबीतली ज्वारी

रुक्सानाचा फोन आला तेव्हा मी लातूरच्या आमच्या शाळेत परिपाठाच्या रांगा लावत होते. परिपाठाच्या वेळी मी फोन घेत नाही, हे तिला माहीत आहे. तरी तो थांबून पुन्हा वाजला, म्हणून कडेला जाऊन घेतला. रुक्साना कॉलेजात माझ्याबरोबर कबड्डी खेळायची, आता नांदेडला पोलिसात आहे. एरवी तिचा आवाज बंदोबस्ताला उभा राहिल्यासारखा असतो. त्या दिवशी ती एवढंच म्हणाली, "नंदा… अप्पा गए अपने." माझ्या पाठीमागे मुली प्रतिज्ञा म्हणत होत्या, ती संपेपर्यंत फोन कानालाच होता.

अप्पा म्हणजे आमचे कबड्डीचे प्रशिक्षक. मूळचे रेणापूरचे, लिंगायत घरातले. त्यांच्यात वडीलधाऱ्या माणसाला अप्पा म्हणतात, त्याला आम्ही मुलींनी 'सर' जोडून अप्पासर केलं. झोपेतच गेले. रेणापूरला त्यांची माती झाली. त्यांच्या रीतीप्रमाणे त्यांना बसवून नेलं, कपाळाला विभूती, अंगावर बेलाची पानं. बसलेल्या अप्पासरांकडे बघून मला वाटलं, खाली फक्त बादली तेवढी नाही… मैदानाच्या कडेला पालथ्या बादलीवर बसून ते आमचा सराव घ्यायचे. मूठमाती देताना आम्ही साऱ्याजणींनी ती आधी कपाळाला लावली. मैदानात उतरताना लावायची सवय, हात आपोआप वर गेला.

गेलेल्या माणसाविषयी चांगलं लिहावं अशी रीत आहे. ते मी लिहिणारच आहे. पण एका जिवंत माणसाविषयीही मला थोडं लिहायचं आहे. त्यांचं नाव मी देणार नाही. ते एवढ्या फलकांवर, कपांवर आणि चौकांत लिहिलेलं आहे, की निदान एका कागदावर ते नसावं असं मला वाटतं. आमच्या शिक्षणसंस्थेचे अध्यक्ष, एवढी ओळख पुरे.

माझे वडील औशाच्या मोंढ्यात, म्हणजे धान्याच्या बाजारात, हमाल होते. आमच्या घरात माझ्याआधी कुणी दहावीच्या पुढे गेलेलं नव्हतं. मी बारावीला असताना जिल्ह्याच्या शालेय स्पर्धेत अप्पासरांनी माझी चढाई बघितली आणि पुढच्याच आठवड्यात ते एसटीने औशाला आमच्या घरी आले. वडील पोत्यावर बसले, त्यांना खाट दिली. "पोरीला नांदेडच्या कॉलेजात घालतो," अप्पासर म्हणाले. "फी न्हाई, होस्टेलचं भाडं न्हाई, मेसबी फुकट." वडील मोंढ्यातले, फुकट या शब्दाला बिचकणारे. "आन बदल्यात काय द्यायचं?" "कॉलेजाकडनं खेळायचं." "आन खेळून झाल्यावर?" अप्पासर म्हणाले, "पदवी. ती म्या बघतो." आईने चहात दूध जास्त घातलं, यावरून मला कळलं की मी जाणार.

कॉलेजातल्या खेळाचा व्यवहार मला हळूहळू समजत गेला. जिमखाना फी प्रत्येक विद्यार्थी भरायचा, मैदानाकडे कधी न फिरकणाराही. त्यातून आमची मेस चालायची. आम्ही जिंकलेले कप अध्यक्षांच्या दालनाबाहेर काचेच्या कपाटात असायचे. कॉलेजचं मूल्यांकन करायला समिती आली की कप पुसले जायचे आणि आम्हाला ट्रॅकसूट घालून कपांशेजारी उभं करायचे. समितीने चांगला शेरा दिला की पुढच्या वर्षी प्रवेश वाढायचे. बक्षिसाचा मोठा पुठ्ठ्याचा धनादेश मंचावर फोटो होईपर्यंत आमच्या हातात असायचा, नंतर ती रक्कम संस्थेच्या विकास निधीत जायची. जर्सीवर पाठीमागे आमचा नंबर होता आणि पुढे अध्यक्षांचा फोटो, नंबरापेक्षा मोठा. रुक्साना म्हणायची, "पकड करताना साहेबांच्याच तोंडाला हात लागतो गं. लई बरं वाटतं." अप्पासर हसू दाबून म्हणायचे, "कंबर धर, तोंड सोड." ते स्वतः कंत्राटावर होते. दर जूनला नेमणूक नव्याने व्हायची, म्हणून दर जूनला ते त्याच काचेच्या कपाटाशेजारी हात बांधून उभे असायचे.

हे मी कृतघ्नपणे लिहीत नाही. त्या व्यवहारातच मी शिकले. संस्थेला कप मिळाले, मला वर्ग मिळाला. फक्त त्याला उपकार म्हणायचं नाही, एवढंच माझं म्हणणं आहे. उपकार एकट्या अप्पासरांचे.

खेळासाठी म्हणून अनुदान आलं, त्यातून बंदिस्त सभागृह उभं राहिलं आणि कबड्डीची मॅटही आली. आम्ही मातीवरच्या मुली, मॅट बघून तिच्यावर लोळलो होतो. वर्षभरात दाराशी पाटी लागली : शुभकार्यासाठी सभागृह मिळेल. लग्नसराईत आम्ही मागच्या रिकाम्या जागेत, दगड वेचून, मातीत खेळायचो. वऱ्हाडाला बसायला मऊ पडते म्हणून मॅट तशीच ठेवून तिच्यावर जाजम अंथरायचे. लग्न उरकलं की जाजम ओढून न्यायचे आणि त्याच्यावरचं सगळं मॅटवर सांडायचं. पुण्याकडे अक्षता तांदळाच्या असतात. आमच्याकडे ज्वारीच्या, हळदीने पिवळ्या केलेल्या. तांदूळ पडला की पडून राहतो. ज्वारी गोल असते, ती पायाखाली फिरते.

म्हणून अप्पासरांची एक सवय होती. लग्नाच्या दुसऱ्या दिवशी आम्हाला दारात थांबवून ते चपला काढायचे आणि अनवाणी सगळी मॅट पालथी घालायचे, एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत, पाय घासत, गच्चीवर वाळवण फिरवावं तसे. तळव्याला दाणा लागला की वाकून उचलायचे. त्यांनी हो म्हटल्याशिवाय कुणी आत पाऊल टाकायचं नाही. मग झाडणं. "सर, लग्नाला जेवायला कुणी बोलवत न्हाई, झाडायला तेवढं बोलवतेत," रुक्साना कुरकुरायची. "जेवलीस तर पळशील का? झाड गुमान." कार्यालयात मात्र त्यांनी पुन्हा पुन्हा एकच मागणी केली होती : लग्नं लावा, पण सभागृह आमच्या ताब्यात देताना झाडून द्या. दुसरं काही त्यांनी कधी मागितलं नाही.

मी शेवटच्या वर्षाला असताना मुलींची व्यावसायिक लीग निघणार असल्याची बातमी आली. संघमालक पैसे मोजून खेळाडू घेणार होते. निवड चाचणीसाठी पुण्याहून मला बोलावणं आलं. वडिलांनी मोंढ्यात पेढे वाटले. अध्यक्षांनी माझा फोटो घालून बॅनर छापायला टाकलं, माझ्या फोटोच्या वर त्यांचा. त्याच आठवड्यात त्यांच्या पुतण्याचं लग्न आमच्याच सभागृहात लागलं. दुसऱ्या दिवशी पहाटे नवरा-नवरी आणि पाहुणे देवीच्या दर्शनाला माहूरला निघाले. अध्यक्षांनी अप्पासरांना बोलावून सांगितलं, गाडीबरोबर तुम्ही जा, गडावर तुमची ओळख आहे, म्हाताऱ्या माणसांना सांभाळून न्या. कंत्राटी माणूस नाही म्हणत नाही. जाताना त्यांनी शिपायाला मॅट झाडायला सांगितलं. शिपाई सकाळपासून लग्नाची भांडी टेम्पोत भरत होता.

सकाळी अध्यक्षांच्या स्वीय सहायकाचा निरोप होस्टेलवर आला : पेपरवाले आलेत, साहेबांनी सांगितलंय, मॅटवर एक चढाई करून दाखवायची, फोटो पाहिजे. मी गेले. भिंतीवर बॅनर होतं, खाली मॅट, समोर कॅमेरा. मी दम धरला, कबड्डी कबड्डी म्हणत आत शिरले, हात लांबवला, आणि मागे वळायला उजवा पाय रोवला. पाय रोवला गेलाच नाही. खालून सरकत गेला आणि गुडघा दुसरीकडेच राहिला. जाड कापड फाटावं तसा आवाज झाला. तो माझ्या आतून आला, हे कळायला थोडा वेळ लागला. डोळे उघडले तेव्हा गालाजवळ पिवळे दाणे होते.

संध्याकाळी अप्पासर माहूरहून परतले ते थेट दवाखान्यात. हातात देवीचा प्रसाद तसाच होता. वडील औशाहून येऊन बसले होते. ते रागावले नाहीत, नुसतं बोलले, "मास्तर, आम्ही पोतं घेऊन ट्रकच्या फळीवर चढायच्या आधी फळी झाडतो. धान्य सांडलेलं असतंय." अप्पासर म्हणाले, "खरं हाय दादा." तेवढंच. नंतर काकूंनी, म्हणजे त्यांच्या पत्नीने, मला सांगितलं की त्या संध्याकाळी घरी जायच्या आधी ते सभागृहात गेले, चपला काढल्या, आणि राहिलेले दाणे एकेक करून वेचले. ठेवायला काही नव्हतं म्हणून नव्या शिट्टीची प्लास्टिकची डबी रिकामी केली.

पुढे अध्यक्षांनी अप्पासरांना आणि वडिलांना दालनात बोलावलं. मी कुबड्यांवर दाराशी होते. अध्यक्ष मोठ्याने म्हणाले, "ज्वारीच्या दाण्यावरून कोणी पडतं का? एवढं वऱ्हाड चाललं, एक तरी पडलं का?" मग मागच्या तारखेची नोटीस निघाली : सरावाच्या वेळी प्रशिक्षक गैरहजर होते, त्यांच्या निष्काळजीपणामुळे खेळाडूला दुखापत झाली. माहूरला पाठवल्याचा शब्द तोंडी होता. गाडीत बसलेल्या पाहुण्यांपैकी एकालाही आठवेना की बरोबर कोण आलं होतं, गडाच्या पायऱ्यांवर आपल्या आजीचा हात कुणी धरला होता. मी म्हटलं, सर, नवरा-नवरीला तरी विचारा. ते म्हणाले, "देवीच्या दारात गेलो, त्याची साक्ष काय मागायची?" जूनला नेमणूक आली नाही.

माझाही हिशोब मिटला होता. न खेळणारा खेळाडू ठेवायचा कशाला? होस्टेलची खोली रिकामी करा, असं सांगण्यात आलं. पायामुळे परीक्षा राहिली होती, ती पुढच्या वर्षी द्यायची होती. मी ट्रंक घेऊन औशाच्या गाडीची वाट बघत होते, तर अप्पासर स्कूटरवर आले, ट्रंक पुढे ठेवली आणि म्हणाले, "बस मागं." ते वर्ष मी त्यांच्या घरी राहिले. काकू मला भाकरी वाढायच्या, पायाला शेक द्यायच्या, मी पुस्तक घेऊन बसले की दूरदर्शनचा आवाज बंद करायच्या. ज्या माणसाची नोकरी माझ्या पडण्याने गेली, तोच मला रोज परीक्षेला सोडायला आला आणि पेपर सुटेपर्यंत बाहेर कडुलिंबाखाली थांबला. पदवीचं प्रमाणपत्र घेऊन आम्ही दोघं औशाला गेलो. ते वडिलांच्या हातात देत अप्पासर म्हणाले, "म्या बघतो म्हणलो होतो." वडिलांना वाचता येत नव्हतं. त्यांनी ते उलटसुलट करून पाहिलं आणि अप्पासरांच्या पायाला हात लावायला वाकले. अप्पासर मागे सरकले, पोत्याला अडखळून पडता पडता वाचले, तेव्हा आम्ही सगळेच हसलो… दुखापतीनंतरचं माझं पहिलं हसू.

त्यांचं मात्र काही सावरलं नाही. दुसऱ्या कॉलेजात गेले तर त्यांच्या आधी नोटिशीची बातमी पोचलेली असायची. 'पोरीचा पाय मोडवणारा मास्तर' असं त्यांना लोक पाठीमागे म्हणायचे, काही तोंडावरही. त्यांनी एका नातेवाइकाच्या अडत दुकानात काम धरलं आणि संध्याकाळी एका पडीक जागेत मोहल्ल्यातल्या मुलींना कबड्डी शिकवली. नवी मुलगी आली की ते ती डबी कानाजवळ हलवून उघडायचे. "हे पाह्यलं का? ह्याच्यावर पाय पडू द्यायचा न्हाई. दिसायला बारीक असतंय." एकदा मी विचारलं, "सर, तुम्हाला राग येत नाही का त्या माणसाचा?" "येतो की. लई येतो. पण चढाईत राग आला की दम तुटतो, नंदे. दम राखायचा." मी राखला. इतकी वर्षं राखला.

त्यांच्या जाण्यानंतर काही दिवसांनी कॉलेजने शोकसभा ठेवली. पत्रिकेवर लिहिलं होतं, 'आमच्या क्रीडापरंपरेचे आधारस्तंभ'. खाली ओळ होती : सभागृहाचा नामकरण सोहळा. सभागृहाला अप्पासरांचं नाव देणार होते… त्या सभागृहाला, ज्याच्या पाटीवर शुभकार्यासाठी मिळेल असं अजून लिहिलेलं आहे. अप्पासरांच्या नावाखाली लग्नं लागणार होती, त्यांच्या नावाची पावती फाडली जाणार होती. काकू म्हणाल्या, "म्या येत न्हाई. तू जा." आणि डबी माझ्या हातात दिली. काय करायचं ते त्यांनी सांगितलं नाही. मीही काही ठरवलं नव्हतं.

सभागृहात आता चकचकीत फरशी आहे. मॅट गुंडाळून कुठेतरी टाकली आहे. आम्ही जुन्या मुली पहिल्या रांगेत बसलो, कुणी तलाठी, कुणी अंगणवाडीत, रुक्साना ड्युटीवरून तशीच वर्दीत. अध्यक्ष बोलायला उठले. ते बोलतात चांगलं, आणि बोलायला लागले की स्वतःच्या आवाजावर खूश होतात. "अप्पा म्हणजे आमच्या घरातला माणूस," ते म्हणाले. "काय जीव लावायचे! माझ्या पुतण्याच्या लग्नात, तुम्हाला सांगतो, दुसऱ्या दिवशी पाहुण्यांना माहूरला घेऊन कोण गेलं? अप्पाच! मी म्हटलं जा, ते निघाले. एका शब्दावर!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. रुक्सानाने माझं मनगट धरलं. ज्या एका वाक्यासाठी अप्पासर आयुष्यभर बदनाम राहिले, ते वाक्य अध्यक्षांनी कौतुक म्हणून, माईकवर, आपण होऊन सांगितलं होतं.

मंचावरून उतरून ते समोरच्या भिंतीकडे निघाले. तिथे नव्या पाटीवर कापड होतं, ते ओढायचं होतं. मधली फरशी मोकळी होती. मी उठले, त्यांच्या आणि भिंतीच्या मध्ये जाऊन उभी राहिले आणि डबी उघडून उपडी केली. दाणे फरशीवर टणटणत पसरले. हळद कधीच उडून गेली आहे, पण ज्वारी ओळखू येते. मी म्हणाले, "साहेब, तुमच्या पुतण्याच्या लग्नातल्या अक्षता आहेत. अप्पासर माहूरला गेले होते त्या दिवशी मी ह्यांच्यावर पडले. चला ना. ज्वारीच्या दाण्यावरून कोणी पडतं का?"

ते थांबले. खाली बघितलं, मग स्वतःच्या बुटांकडे. त्यांचं वय झालं आहे, शरीर जड आहे, आणि सगळं सभागृह त्यांच्या पायांकडे बघत होतं. एक पाय त्यांनी उचलला आणि तिथेच परत ठेवला. मागून शिपाई झाडू घेऊन धावत आला. रुक्सानाने त्याच्या हातातला झाडू हळूच काढून घेतला. "राहू द्या भाऊ. तवा न्हाई झाडलं, आता कशाला?" अध्यक्ष वळले. मंचाच्या मागच्या दाराने निघून गेले. पाटीवरचं कापड तसंच राहिलं. नंतर कॉलेजातून फोन आला तेव्हा काकूंनी सांगितलं, आमच्या माणसाचं नाव तुमच्या भिंतीवर नको. पाटी उतरली.

माझ्या शाळेतल्या एक ज्येष्ठ बाई मला म्हणाल्या, "शोकसभेत असं करणं शोभत नाही गं." खरं आहे, शोभत नाही. पण ते उचललेलं पाऊल परत जागेवर पडलेलं मी पाहिलं आणि मला बरं वाटलं. हे लिहितानाही वाटत आहे. मोठ्या मनाने माफ करावं, असं मी वर्गात मुलांना शिकवते. मला ते अजून जमलेलं नाही, आणि या एका माणसाच्या बाबतीत जमवायचंही नाही.

आमच्या शाळेला मॅट नाही, मातीचं मैदान आहे. सरावाआधी मुली माझ्याकडे बघत थांबतात. मी चपला काढते आणि एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत पाय घासत जाते. उजवा गुडघा पुरता वाकत नाही, म्हणून खडा लागला तर त्यांच्यातली एखादी पळत येऊन उचलते. रुक्साना सांगते की नांदेडला आता अध्यक्ष सभागृहात यायचे असले की आधी फरशी दोनदा झाडून घेतात. अप्पासरांनी जन्मभर मागितलं होतं ते एवढंच.

त्या दिवशी सभा पांगल्यावर रुक्सानाने वर्दीतच गुडघ्यांवर बसून दाणे वेचले. डबी मी काकूंना परत द्यायला गेले. त्यांनी ती कानाजवळ नेऊन हलवली, जशी अप्पासर हलवायचे. आवाज कमी आला.

"समदे मिळाले का गं?"

"नाही काकू. काही तिथंच राहिले. खुर्च्यांखाली गेले असतील."

काकूंनी डबी देव्हाऱ्याशेजारी, शिट्टीजवळ ठेवली.

"राहू दे तिथंच," त्या म्हणाल्या.